पोत्यातलं खाद्य, सुपातली नागली

वाघबारशीच्या सकाळी भागीबाईच्या अंगणात असा गलका उठला, की शिवेवरच्या वाघोबालाही प्रश्न पडावा, आज सण आपला आहे की कोंबड्यांचा! जांभळीच्या फांदीला वजनकाटा टांगलेला. मागच्या छोट्या शेडमध्ये मधोमध जाळी. जाळीच्या अलीकडं शंभर कोंबड्या सुनेच्या, पलीकडं शंभर सासूच्या. आणि माणसंही तशीच, जाळी मारल्यासारखी, दोन बाजूंना उभी.

भागीबाई ओट्यावर बसली होती, पदराचं टोक दातात धरून. मनात तिचा एकच धावा चालला होता. वाघोबा, माझ्या सुनेला जिंकव रे बाबा!

ऐकणाऱ्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलं. अडतीस दिवसांपूर्वी पैज लावली कोणी? हिनंच. कंपनीचा साहेब आला होता. पिल्लं देतो, औषध देतो, खाद्य देतो म्हणाला. पण शेड हवी तीन हजार पक्ष्यांची, आणि खाद्य फक्त कंपनीचं. एवढ्या शेडला सपाट जागा करंजपाड्यावर एकच, भागीबाईचा घरामागचा माळ. तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या हातची नागली, म्हणजे नाचणी, तिथं पिकायची. भागीबाई तरीही देणार होती. अर्धा होकार ओठावर आला होता. तेवढ्यात साहेबाला काय अवदसा आठवली, हसून म्हणाला, "आजी, घरच्या दाण्यावर बॉयलर कोंबडी नुसती जगते. वाढत नाही."

"नुसती जगते?" भागीबाई कंबरेला पदर खोचून उभी राहिली. "ह्यो माझा हिरामण नागलीच्या भाकरीवर वाढला. ह्यो काय नुसता जगलाय?"

मग काय! शब्दाला शब्द लागला. भागीबाईनं शंभर पिल्लं स्वतःकडं मागून घेतली. त्यांना मक्याचा भरडा, तांदळाची कणी, नागली आणि चिमूटभर सुकट. सून आशाच्या शंभरांना पोत्यातलं खाद्य. "अडतिसाव्या दिशी वजन करा. माझी कोंबडी हिच्या कोंबडीच्या पाव किलो आत आली, तर माळावर नागलीच व्हणार. नाय आली, तर माळ दिला!" चारचौघांत बोलली, वाघोबाची आण घेऊन बोलली. आता शब्द गिळायचा कसा?

आणि माळ दिला नाही तर काय, हेही तिला ठाऊक होतं. दिवाळी सरली की निफाडहून पिकअप येणार. हिरामण आणि आशा बोचकी टाकून द्राक्षाच्या बागेत जाणार ते होळीलाच परत. अकरा वर्षं हेच चाललं होतं. अकरा वर्षं भागीबाई नातीचं बोट धरून दारात उभी राहायची, गाडी वळणाआड गेली की आत येऊन उगाचच भांडी आपटायची.

म्हणून एकविसाव्या दिवशी नात तृप्तीनं मधलं वजन केलं, तेव्हा भागीबाईच्या मनात लाडू फुटले होते. आशाची कोंबडी आठशे ऐंशी ग्रॅम, हिची चारशे तीस. निम्मीसुद्धा नाही! तोंड पाडून बसली ती सगळ्यांना दाखवायला. आतून म्हणत होती, हरले! आता गपगुमान हरायचं, माळ द्यायचा, पोरं घरी राहतील.

पण बाविसाव्या दिवशी तिनं जाळीतून पाहिलं तर आशाच्या दोन कोंबड्या पायावर उभ्याच राहीनात. चार पावलं टाकली की बसकण. नुसतं अंग सुटलंय ह्यांचं, पायात जीव नाही. अशा कोंबड्या वजनाच्या दिवसापर्यंत जगायच्या तरी का? आणि ह्या मेल्या तर पैज कोण जिंकणार? आपण!

त्या दिवसापासून आशा पाण्याला गेली की भागीबाई सूपभर नागली घेऊन शेडमध्ये शिरायची. सकाळी एक सूप, सांजेला एक सूप. दाण्यानंच हाडं भरतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तृप्ती परीक्षेपायी नाशिकला वसतिगृहात अडकलेली, हिरामण भाताच्या कापणीत. बघणारं कोणी नव्हतं. कणगी तळाला गेली तेव्हा भागीबाईनं उंदरांच्या नावानं बोटं मोडली आणि हिरामणकडून पिंजरासुद्धा लावून घेतला.

आता एवढं केल्यावर सून हरणार कशी? म्हणून धावा. म्हणून पदर दातात.

"काट्याला कुणी हात लावू नका," तृप्ती म्हणाली. "आधी शून्यावर आणते. आज्या, दोन्हीकडच्या दहा-दहा काढ. डोळे मिटून काढायच्या."

मंगळू, भागीबाईचा धाकटा दीर, डोळे मिटून शेडमध्ये शिरला आणि पहिल्या फटक्यात हिरामणचा पाय धरला. "ही लय जड हाय गं पोरी!" म्हणाला. सगळं अंगण खदखदलं.

"भावजी, थट्टा पुरे," भागीबाई ओरडली. "वजन करा."

"लय घाई झालीय वयनीला जिंकायची!" मंगळूनं डोळा घातला. तो पक्का भागीबाईच्या बाजूचा होता. माळावर भावाच्या हातची नागली पिकत राहावी, एवढंच त्याचं म्हणणं. भागीबाईची लेक संजना देवळाली कॅम्पहून दिवाळीला आली होती, तीही आईच्याच बाजूला. तिचं कारण वेगळं. "माहेरी चार दिवस यायचं ते काय तीन हजार कोंबड्यांचा वास घ्यायला?" हे तिनं आल्या आल्या वहिनीच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि आशानं हसून तिच्या हातात चहा दिला होता. हिरामण बायकोच्या बाजूचा. पण आईसमोर उभा राहिला की तो कुणाच्याच बाजूचा नसायचा.

आशाच्या दहा कोंबड्या एकेक करून काट्याला लागल्या. तृप्ती वहीत मांडत गेली. दहावी झाल्यावर तिनं बेरीज केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"किती?" आशानं विचारलं.

"सरासरी एक किलो सहाशे दहा."

"कमी हाय का?"

"खूप कमी आहे आई. ह्या खाद्यावर अडतीस दिवसांत दोन किलोच्या वर जायला पाहिजे. एकविसाव्या दिवशी अगदी बरोबर चालल्या होत्या. नंतर काय झालं?"

भागीबाईनं दातातला पदर सोडला. कमी? दोन आठवडे कणगी रिकामी केली ती कमी भरायला?

"असू दे, असू दे," ती घाईनं म्हणाली. "माझ्या कोंबड्या तर त्याहून बारक्या. किलोच्या वर काय जात न्हाईत. करा वजन!"

"आई, तू कुणाच्या बाजूनं बोलती?" संजनानं विचारलं.

"मी खऱ्याच्या बाजूनं बोलते. तू गप."

मंगळूनं भागीबाईची पहिली कोंबडी काट्याला लावली. हिरामण वाकून आकडा बघायला लागला आणि वाकलेलाच राहिला. "एक पाचशे साठ," तो म्हणाला.

"नीट बघ की रे! चष्मा लाव."

"आई, मला चष्मा नाय."

दुसरी एक पाचशे दहा. तिसरी एक सहाशे. आठव्या कोंबडीला मंगळू नाचायला लागला होता. दहाव्या कोंबडीला संजना आईच्या गळ्यात पडली. सरासरी एक किलो पाचशे चाळीस. म्हणजे सुनेच्या कोंबडीहून फक्त सत्तर ग्रॅम कमी. पाव किलोच्या आत, अगदी ढळढळीत आत!

"जिंकली! माझी वयनी जिंकली!" मंगळूनं टोपी उडवली. "बोलवा त्या सायबाला! म्हनावं, नुसती जगती काय? ये बघायला!"

भागीबाईच्या डोळ्यांसमोर पिकअप उभी राहिली. बोचकी, हात, वळण. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता आणि तिला रडू यायला लागलं.

"आनंदाचं रडू हाय," मंगळूनं जाहीर केलं.

आशा सासूपाशी आली, वाकून पाया पडली. "आत्या, तुमचं खरं झालं. माळावर नागलीच होऊ द्या." चेहरा तिचा शांत होता. उलट डोळ्यांत हसू होतं, आणि तेच भागीबाईला कळेना. अगं, तू हरलीस! भांड की माझ्याशी!

तेवढ्यात हिरामणचा फोन वाजला. निफाडचे बागवाले प्रफुल्लशेठ. हिरामणनं फोनकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "व्हय शेठ. दिवाळी झाली की... गाडी? थांबा, जरा वेळानं सांगतो."

"सांगायचं काय आता, जावंच लागंल," आशा हळूच म्हणाली. संजनानं ते ऐकलं. मघापासून आईच्या गळ्यात असलेले तिचे हात सुटले. वहिनीच्या माघारी आईला बघायला दर पंधरा दिवसांनी बस बदलत कोण यायचं? तीच यायची. एकटी बसलेली आई तिनंच पाहिली होती.

"काका, तुम्ही जरा कमी नाचा," ती मंगळूला म्हणाली.

आता वाघोबाच्या कोंबड्या कापायच्या होत्या. एरवी गावठी कोंबडा असायचा. यंदा मंगळूनंच हट्ट धरला होता, की पैजेच्या दोन्ही बाजूंची एकेक द्यायची, देवालाही चव कळू दे. आशाच्या कोंबडीच्या पायाला निळा दोरा, भागीबाईच्या कोंबडीला लाल. शिवेवर नारळ फुटला, शेंदूर लागला, कोंबड्या कापून झाल्या आणि मंडळी चुलीपाशी परतली.

आणि इथं भागीबाईला आठवली ती घरची रीत. पाड्यावर दुसऱ्या कुणाकडं नव्हती, ह्याच घरात होती. तिच्या सासूनं पाडलेली. वाघबारशीच्या कोंबडीचा पेटा, म्हणजे ज्यात कोंबडी खाल्लेला दाणा दळते ती दगडासारखी घट्ट पिशवी, घरातल्या थोरल्या बाईनं सगळ्यांसमोर उघडायचा. आत घरचा दाणा दिसला की साल सुखाचं.

"ह्या वर्षी ऱ्हाऊ दे," भागीबाई म्हणाली. "बॉयलरच्या पेट्यात काय बघायचं!"

"वा गं वा! रीत म्हंजे रीत," मंगळू म्हणाला. "आधी सुनेची उघडा. बघू तर खरं, पोत्यातली माती आत कशी दिसती."

भागीबाईनं सुरी हातात घेतली. निळ्या दोऱ्याच्या कोंबडीचा पेटा तिनं मधोमध चिरला. आत गच्च, लालसर, बारीक दाणे. नागली. दुसरं काही असूच शकत नव्हतं. पाड्यावरचं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

सगळे वाकून बघायला लागले.

"ही आशाची कोंबडी," मंगळू पुटपुटला.

तृप्ती आईकडं वळली. "आई, तू नागली घातलीस? मी सांगितलं होतं ना, कंपनीच्या खाद्यात काही मिसळायचं नाही?"

"मी नाय गं! मी कशाला घालू?"

"मग कोणी घातली? कोंबड्या काय कणगीपर्यंत चालत गेल्या?"

आशा गोरीमोरी झाली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. आणि हे मात्र भागीबाईला बघवेना. स्वतःवर काहीही येवो, पण न केलेल्या गोष्टीचं बोलणं सुनेनं ऐकायचं? तिनं सुरी खाली ठेवली.

"तिला बोलू नगं. मी घातली."

"तू?" सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं.

"व्हय. रोज दोन सुपं."

हिरामणनं डोक्याला हात लावला. "म्हंजे कणगीतले उंदीर..."

"मीच त्यो उंदीर! पिंजरा लावलास, आता धर मला!" भागीबाईला रडू आणि राग एकदमच आला. "तिच्या कोंबड्या बसायला लागल्या व्हत्या. पायात जीव नाय. म्हनलं मरतील, ही हरंल, आन पुन्ना निफाडला जाईल. मला जिंकायचं नव्हतं रे! सायबाच्या एका बोलापायी मी आण घेतली आन माझ्याच पोरांना गाडीत बसवायची येळ आणली. म्हनलं, दाणा खातील तर ताठ व्हतील, तिला जिंकवतील."

तृप्तीला हसावं की रागवावं कळेना. "आजी, अगं, तू तिला जिंकवत नव्हतीस, मागं ओढत होतीस! बॉयलरचं पोट केवढं? त्यात नागली भरली की खाद्य तेवढं कमी जातं. खाद्यात सोयाबीन असतं, मांस भरायला लागतं ते सगळं मोजून घातलेलं असतं. नागलीनं पोट भरलं, पण अंग भरलं नाही. म्हणून ह्या दोन किलोला पोचल्या नाहीत. आणि त्या बसत होत्या ते एवढ्या भरभर वाढतात म्हणून. बसतात आणि पुन्हा उठतात."

भागीबाई आ वासून ऐकत राहिली. "म्हंजे मी नागली घातली नसती तर..."

"तर आई कधीच जिंकली असती."

"अगं बाई!" भागीबाईनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा!"

"पण एक कळलं नाही," तृप्तीनं वही उघडली. "आईच्या का वाढल्या नाहीत ते कळलं. तुझ्या कशा वाढल्या? नुसत्या दाण्यावर किलोभर झाल्या असत्या तरी डोक्यावरून पाणी. दीड किलो कशा?"

आता आशा हळूच उठली. "मी भात बघते," म्हणाली.

"भात न्हाई लागत," संजनानं तिला हाताला धरून बसवलं. "वहिनी, बस. आई, लाल दोऱ्याची उघड."

पेट्यापर्यंत जायची गरजच पडली नाही. गळ्याखालची पिशवी उघडली तर आत ओलसर, तपकिरी गोळ्या. पोत्यातलं खाद्य. पहाटेचंच असणार, अजून विरघळलंही नव्हतं. मंगळूनं एक गोळी बोटावर घेतली, वास घेतला आणि मटकन खाली बसला.

"ही बी चोर निघाली!" तो म्हणाला. "घरात एक तरी मानूस सरळ हाय का?"

"आशे?" भागीबाईनं विचारलं.

आशा जमिनीकडं बघत बोलली. "तुम्ही झऱ्यावर गेलात की पाटीभर टाकत होते. त्या एकविसाव्या दिवशी वजन झाल्यावर तुम्ही ओट्यावर किती वेळ तोंड पाडून बसला होतात. मला बघवलं नाय. मामंजींच्या नागलीला त्यो साहेब हसला, आता कोंबड्यांनी बी हसावं? म्हनलं, शेड नाय तर नाय. निफाड काय आजचं हाय का? अकरा वर्षं गेलो, बारावं जाऊ. पन आत्यांनी हरून, रडून माळ द्यायचा आन त्यावर आम्ही सुखानं ऱ्हायचं, ते माझ्यानं व्हनार नव्हतं."

भागीबाईला आठवलं आपलं पाडलेलं तोंड, आणि आतले ते लाडू. "अगं भवाने," ती म्हणाली, "मी नाटक करत व्हते!"

"नाटक?"

"हरले म्हनून आतून नाचत व्हते मी! आन तू खरं समजून माझ्या कोंबड्यांना खाऊ घातलंस!"

आधी हसली ती संजना. मग तृप्ती वही डोक्यावर धरून हसायला लागली. हिरामण हसता हसता जांभळीला टेकला. मंगळूनं हरलेल्या माणसासारखी टोपी काढली, पण त्याच्या पोटाची घुसळण लपेना. भागीबाईनं सुनेला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरून रक्ताळलेलाच हात फिरवला, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या की रडल्या, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मग जिंकलं कोन?" मंगळूनं शेवटी विचारलं. "आता मीच पंच. वाघोबाची आण हाय. निकाल लागाया पायजे."

भागीबाईनं डोळे पुसले. "भावजी, निकाल तुमच्या म्होरं पडलाय की. माझी नागली खाऊन हिच्या कोंबड्या थांबल्या. हिचं खाद्य खाऊन माझ्या पळत सुटल्या. आजून काय बघायचं? त्यो सायब तोंडाचा फाटका व्हता, पन खोटा नव्हता. नागली मानसाला, खाद्य बॉयलरला. मी हरले, आन माळ दिला. हसून दिला, आशे, बघून घे. पन एक वाफा ठेवायचा. घराच्या बाजूला. तुझ्या मामंजींच्या नागलीचा."

"वाफा काय, आख्खी पट्टी ठेवू," हिरामण म्हणाला.

"आणि वास?" तृप्तीनं संजनाआत्याकडं पाहून विचारलं.

"मी येताना नाकाला रुमाल बांधून येईन," संजना म्हणाली. "पण दारात तुझी आई दिसली पाहिजे."

फोन पुन्हा वाजला. हिरामण उचलणार तेवढ्यात भागीबाईनं हात पुढं केला. अकरा वर्षांत ह्या शेठचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. फक्त त्याची गाडी पाहिली होती, वळणाआड जाताना.

"कोन? निफाडवाले शेठ? मी हिरामनची आई. रामराम. यंदा गाडी पाठवू नगा. आमची मानसं येनार नाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भागीबाईनं चुलीकडं पाहिलं. आशा नागलीच्या पिठाचा गोळा तळहातावर थापत होती, भाकरी गोल वाढत चालली होती.

"घरी काम हाय," भागीबाई म्हणाली. "होळीलाबी हाय. बारा महिने हाय."